फलकासाठी मजकूर

पंचायतीने सांगितलं, चाळीस शब्दांत लिहा,
फलक निळा आहे, जागा कमी.
मेंढवळ : इतिहास, आणि पाहण्यासारखं काय.
वाचनालयाची किल्ली माझ्याकडे, म्हणून हे कामही.

इतिहास असा, की भात कापून झालं
की घाटावरून मेंढ्या उतरायच्या.
एका रात्रीच्या लेंड्यांना दोन पायल्या भात.
भाव ठरायचा मेरेवर बसून,
बोलणं तंबाखूचं, मधूनच आकडा.

नाक्यावर पोर्तुगिजांचा गार्द मोजायचा,
उं, दोयश, त्रेश…
चाळिशीच्या आसपास जानू वरक हळूच शीळ घाली,
कळप ढवळून निघे,
पुन्हा उं.
शेवटी जानू सांगेल तो आकडा वहीत.

मग सरहद्द बंद झाली.
तीनशे मेंढ्या खालीच राहिल्या,
आणि पुढचे चार महिने
लोकरीला माहीतच नव्हते.
खूर कुजले.
गावाने त्यांना पडवीत घेतलं, शाळेत बाकांखाली घेतलं,
अकरा इनास पाववाल्याच्या भट्टीमागे.
मेलेल्या डोंगरीवर पुरल्या. तिथे आता काजू आहेत,
हुर्राक उत्तम निघते. कारण विचारू नये.

जगल्या त्या भट्टीमागच्या अकरा.
आज गावात आहे तो सगळा कळप त्यांचा.
म्हणतात, अंगाला अजून पावाचा वास येतो.
येत नाही. मी हुंगून पाहिलंय.

पाहण्यासारखं :
नाक्याच्या भिंतीत, गुडघ्याच्या उंचीवर,
लोकरीने घासून गुळगुळीत झालेला दगड.
हात लावून बघा.
बिरोबाची घुमटी, तिला दार नाही.
गंगी झोरे, घोंगडी विणते,
फोटोचे पैसे घेते, घोंगडी विकत नाही.
आणि माघातली कातरणी :
नुकत्या कातरलेल्या मेंढ्या एकमेकींना ओळखत नाहीत,
अर्धा दिवस गावभर नुसती चौकशी.

सरपंच म्हणाले, धबधबा टाका.
धबधबा पलीकडच्या गावाचा आहे.
म्हणाले, तरी टाका.

काल पुलावर पर्यटकांची बस अडली,
कळप घरी निघाला होता.
खिडकीतून एक पोरगी मोजू लागली मोठ्याने,
अडतीस, एकोणचाळीस,
आणि जानूच्या नातवाने,
ज्याला वही कधी दिसली नाही, गार्दही नाही,
शीळ घातली.

चाळीस शब्द मी खोडले.
फलकावर एवढंच पाठवलं :
मेंढवळ. संध्याकाळी पाच वाजता पुलावर.
थोडं थांबावं लागेल.