रॉ : सावद्यातले काही उपयोग

हेमराज बऱ्हाटेंच्या केळीच्या नव्या चेंबरवर
मशिनं बसवायला चीनहून आलेला फान यूलिन
संध्याकाळी सातला माझ्या ओट्यावर येतो, इंग्रजी शिकायला.
फैजपूरच्या शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं.
मला चिनी येत नाही, त्याला मराठी,
मधे एक इंग्रजी, दोघांनाही उसनं.

पहिल्याच दिवशी त्यानं वहीत लिहिलं :
मी सावद्यात रॉ आहे.
मी लाल पेन उचललं.
माणूस रॉ नसतो, म्हटलं. केळं असतं, कापूस असतो,
परवा भरताबरोबर तू कचाकचा खाल्लास
तो कांदा असतो.

आमच्याकडे एकच शब्द, तो म्हणाला. शंग.
शिजलं नाही ते शंग, पिकलं नाही ते शंग,
ज्याला कोणी ओळखत नाही तो माणूसही शंग.
आणि जन्माला येणं, तेही.
त्यानं अक्षर काढून दाखवलं :
जमिनीतून वर आलेला कोंब.
केळीच्या बुडाशी पील फुटतं, अगदी तसा.

तरी मी फुली मारली.
सवय.

बाहेरचा मातीचा रस्ता, तो रॉ का?
नाही.
आणि आठवलं, नोकरीच्या पहिल्या वर्षी
साहेब तपासणीला आले तेव्हा
कच्च्या वहीला मी रॉ नोटबुक म्हणाले होते.
ते हसले नाहीत. डायरीत काहीतरी लिहिलं त्यांनी.
अजून कान तापतात.
कच्चा रस्ता, कच्ची पावती, कच्चा कैदी, कच्चं लिंबू,
यातलं एकही रॉ नाही, मी बजावलं.
कच्चं लिंबू म्हणजे?
खेळात घेतात, पण ज्याच्यावर राज्य येत नाही, ते पोर.
पेन्सिलीच्या टोकाकडे तो बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, मी.

रात्री शब्दकोश काढला.
नवशिका, न मुरलेला : रॉ.
म्हणजे माणूस असतो रॉ.
लाल शाईची फुली खोडता येत नाही.

काशिनाथ सपकाळेच्या खांद्याची सालटी निघाली क्रेट वाहून,
तिथे रॉ बरोबर आहे, फानला सांगितलं.
काशिनाथनं विचारलं, काय म्हनता मॅडम माझ्याबद्दल?
काही नाही, हळद लाव म्हटलं.

राहिला शेवटचा अर्थ. दर वर्षी शिकवायचे :
रॉ वारा, ओला, हाडांत शिरणारा.
फळ्यावर लिहायचे, पोरं उतरवून घ्यायची,
खिडकीबाहेर रावेरचं ऊन, चव्वेचाळीस डिग्री.
मला तरी कुठे भेटला होता तो?

मे महिन्यातल्या एका दुपारी त्यानं मला चेंबरवर नेलं.
जाड दार सरकवलं.
आत तेरा डिग्री, भिंतींना पाणी सुटलेलं,
हिरव्या घडांचा, चिकाचा वास,
आणि पंख्यातून एक झोत, थेट मानेवर.
हे, तो म्हणाला. रॉ.
माझ्या आईच्या गावी डिसेंबरात नदीवरून येतं ते.
मी पदर कानांवरून घेतला आणि उभी राहिले.
एकतीस वर्षांचा खडू जरा ओला झाल्यासारखा वाटला.
आईबद्दल विचारायला हवं होतं. तेवढ्यात दार लागलं.

चेंबर सुरू झालं. पहिला माल पिवळा झाला.
जायच्या आदल्या संध्याकाळी वहीत एक ओळ :
मी आता सावद्यात शिजलो आहे.
शू, तो म्हणाला. शिजलेलं, पिकलेलं, ओळखीचं,
शंगच्या उलट.

इंग्रजीत याचा अर्थ भलताच होतो,
आता माझं काही खरं नाही, असा.
सांगायला हवं होतं. भुसावळहून पहाटेची गाडी होती.
पेनाचं टोपण काढलं, परत लावलं,
आणि डब्यात वेफर भरले त्याच्या वाटेसाठी,
कच्च्या केळ्यांचे.