बदल्यात आठशे

उदगीरला नळेगाव रोडवरच्या दुकानात
शोएब रिमोट दाबतो आणि पडद्यावर
एक सरडा जीभ बाहेर काढतो.
खवला न् खवला मोजून घ्या, सर.
मी मोजत नाही. मी पाटी वाचतो:
त्रेचाळीस इंच, अठ्ठावीस हजार चारशे,
जुना सेट दिल्यास आठशे वजा.

"घरी असंच दिसेल?"
"चॅनल एचडी घ्यावे लागतील, सर."
"त्याचे वेगळे?"
"त्याचे वेगळे."

शाळेतला कारकून मी, बेरीज बोटांत बसलेली.
पण महानंदा म्हणाली, मन्मथ मॅच बघायला
दुसऱ्याच्या घरी जातो, जेवूनच येतो,
मला ते बरं वाटत नाही.
हे कुठल्याच रकान्यात बसेना.
घेतला.

पहिले चार दिवस आम्ही नुसतं बघितलं.
बातम्या देणाऱ्या बाईच्या कानामागं
पावडर पोचली नव्हती.
मालिकेतली हवेली प्लायवूडची निघाली,
सांधा सरळ दिसला.
चेंडूची शिवण दिसली तेव्हा मन्मथ ओरडला
आणि मी म्हणालो, पैसे फिटले.
अकरा हप्ते बाकी होते.

पाचव्या दिवशी माय म्हणाली,
आप्पाची शिडी लाव.
सीडीला ती शिडीच म्हणते.

आप्पा मोंढ्यात मापाडी.
एका साली तूर अशी आली की रस्त्यावर थप्प्या लागल्या,
बिरादार केबलवाला कॅमेरा घेऊन फिरला,
आणि गावच्या बातम्यांत अकरा सेकंद
पोती, काटा, काट्यामागून एक माणूस
मान वर करतो, काहीतरी आकडा ओरडतो,
पुन्हा वाकतो.
आकडा ऐकू येत नाही, वर बिरादारचंच बोलणं आहे.
आप्पा गेल्यावर लक्षात आलं,
त्यांचं हलणारं एवढंच आहे.
फोटो आहेत. फोटोत आप्पा वाकत नाहीत.

जुन्या एकवीस इंचीच्या फुगीर काचेवर
माय म्हणायची, बघ, टोपी सारखी करलालेत.
आम्हाला दिसायचं.
मलाही दिसायचं.

नव्यावर आप्पांचे चौकोन झाले.
गालाचे चार, टोपीचे सहा,
हात उचलला की बगलेत एक हिरवा तुकडा थरथरायचा.
माय पडद्याजवळ गेली,
मग मागं सरकली, पार दारापर्यंत.
"कोण हाय हे?"
मन्मथनं सेटिंग बदललं. रंग गडद झाला.
माणूस कुणीही राहिला.

शोएबला फोन केला.
टीव्हीचा दोष नाही, सर, तो म्हणाला,
मुळात तेवढंच आहे त्यात.

दुकानामागं पत्र्याखाली जुन्या सेटांचा ढीग,
सगळ्यांची तोंडं भिंतीकडे.
आमचा सापडला, मन्मथनं लहानपणी
बाजूला चिकटवलेल्या वाघावरून.
"आता बाराशे, सर. भंगारवाल्याशी बोलणं झालंय."
दिले.
ऑटोवाल्याचे साठ.

आता स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी विचारतं,
काय हो, परवडतं का एचडी?
मी सांगतो: अठ्ठावीस हजार चारशे,
वजा आठशे, अधिक बाराशे, अधिक साठ,
चॅनलचे वेगळे.
आणि चेंडूची शिवण दिसते, हे सांगतो.
खोटं नाही ते.
मन्मथ घरी जेवतो, हेही खोटं नाही.
शनिवारी तर त्याचे चार दोस्तही जेवतात,
महानंदा भाकरी थापताना पुटपुटते आणि थापते.

बैठकीत विकेट पडते, पोरं बोंबलतात.
मायच्या खोलीत लोखंडी कपाटापुढं
जुना सेट तापायला वेळ घेतो,
आधी आवाज येतो, मग उजेड.
"ये, बघ. टोपी सारखी करलालेत."
मी दारातूनच हो म्हणतो.
त्या माणसाचा डावा हात
हल्ली मला जरा आखूड वाटतो.