रेघेची जाडी

नकाशा एकास दहा हजार.
माझ्या पेनाची रेघ अर्धा मिलिमीटर.
म्हणजे जमिनीवर पाच मीटर रुंदीचा एक पट्टा
जो हद्दीच्या आत नाही, बाहेरही नाही,
नुसता काळा आहे.

हे मला बावीस वर्षांच्या नोकरीनंतर कळलं,
त्र्यंबक रोडवरच्या एका मंगल कार्यालयात,
जिथे आदल्या रात्रीच्या लग्नाचं थर्माकोल
अजून स्टेजवर लटकत होतं
आणि त्याखाली आमचं टेबल: हरकती व सूचना.

काहींना आत यायचं होतं.
गुंठाभर जागेत घर बांधलेले रमाकांत शिंपी म्हणाले,
अंबडच्या कंपनीतला सगळा फंड ह्या भिंतींत गेलाय,
तुमची रेघ पुढे सरकली
तर निदान त्या कायद्यात उभ्या राहतील.
काहींना बाहेर राहायचं होतं.
दत्तू लहांगेंनी भाताचं खाचर दाखवलं:
इथं तुम्ही हिरवा रंग दिलाय, बगीचा म्हणून.
हिरवं तर ते आधीच होतं.

मग यमुना बेंडकोळी.
अर्ज दुसऱ्यानं लिहिलेला, अंगठा तिचा.
"ताई, माझं घर तुमच्या बोटाखाली हाये.
बोट काढा, दिसंल."
मी बोट काढलं.
खाली शाई होती.

लेखा शाखेच्या कुलथेंनी जेवणाच्या सुट्टीत हिशेब मांडला.
माणूस वाईट नाही,
आकडा फुगवत नाही, दडवत नाही.
वाडीपर्यंत जलवाहिनी, चढावर पंप, पंपाचं वीजबिल,
भागिले अकरा घरं.
"एका घराला एवढे. आणि पाणी आणायचं कुठून, मॅडम?
रेघेबरोबर धरण काही सरकत नाही."
खरं होतं.
काझीपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर शकीला राहते,
माझ्याबरोबर शाळेत होती.
तिचा नळ वीस मिनिटं.
रेघ सरकली की सतरा, कदाचित.
ती तीन मिनिटं कोणत्या रकान्यात लिहायची
हे परिशिष्टात दिलेलं नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी आमच्याच कॉलनीची जुनी फाईल काढली.
कामटवाड्याच्या पुढं तेव्हा नुसत्या बाभळी,
घरं नऊ,
त्यातलं चौथं माझ्या वडिलांचं.
समासात पेन्सिलीनं कुणी भागाकार केला होता,
उत्तराखाली दोनदा रेघ,
शेजारी मोठं प्रश्नचिन्ह.
त्याखाली निळ्या शाईत: तरीही मंजूर.
सही लागत नाही.

त्या दोन शब्दांनी मी रोज आंघोळ केली आहे.
त्या दोन शब्दांवर आईनं मोगरा जगवला,
भर मे महिन्यात.
पैसे आम्ही नऊ घरांनी भरले नव्हते,
एवढं फाईलीवरून दिसतं.
शकीलाच्या अब्बांनी भरले असतील,
तिसऱ्या गल्लीतल्या कासारांनी,
ज्यांना कामटवाडं कुठं आहे तेही माहीत नसेल.
त्यांना कुणी विचारलं होतं का, ते त्या फाईलीत नाही.

आपल्याकडे शब्द एकच आहे, पट्टी:
जिच्या कडेनं रेघ मारतात ती,
आणि घरावर, पाण्यावर भरतात तीही.
पहिली माझ्या हातात.
दुसरी कुणाच्या, हे पहिलीच ठरवते.

सकाळी बारीक टोकाचं पेन आणलं,
शून्य पूर्णांक एक.
आता पट्टा एक मीटरचा.
गटाचा नकाशा खाली लावला, भिंग धरलं.
यमुनेची चूल आत.
मोरी बाहेर.

कुलथे मागून वाकून बघत म्हणाले, "जमलं?"

पेनाला अजून मी टोपण लावलेलं नाही.