पॉइंट पाचच्या आत

आरसी बुकात माझ्या गाडीची जात 'सलून' लिहिली आहे.
छत्रपती चौकातल्या शिपायानं एकदा ते वाचून विचारलं होतं,
हिच्यात केस कापता का जी?
मीही हसलो, जरा जास्तच,
सायलेन्सरकडे त्याचं लक्ष जाऊ नये म्हणून.

एकोणीस वर्षांची लान्सर. एमएच एकतीस.
कमरेतून चार बोटं खाली बसवलेली.
पोटाखालचा तो जड डबा, धूर गाळणारा,
इद्रीसभाईनं नऊ वर्षांपूर्वी मोमिनपुऱ्यात कापून काढला
तेव्हा ती अशी खाकरली
की गल्लीतल्या कोंबड्यांनी दोन दिवस अंडी दिली नाहीत.
असं इद्रीसभाई सांगतो.
दर वेळी एक दिवस वाढवतो.

भंगारवाला त्या डब्याचे पाच हजार देत होता,
आत प्लॅटिनम असतं म्हणे.
दिला नाही.
जुन्या पेपरात गुंडाळून माळ्यावर ठेवला,
पणत्यांच्या खोक्याला लागून.
मी आयटीआयत फिटर ट्रेड शिकवतो.
काढलेली वस्तू जपून ठेवायची,
हे मुलांना सांगतो. बाकीचं सांगत नाही.

यंदा मे महिन्यात डबा खाली आला.
पेपरावर नऊ वर्षांपूर्वीचं तापमान होतं, सेहेचाळीस.
आजही सेहेचाळीस.
नवं गॅस्केट, चार बोल्ट, इद्रीसभाईच्या दोन शिव्या,
आणि गाडी एकदम मऊ बोलायला लागली,
सासरी आल्यासारखी.

कोराडी रोडवर, मानकापूरच्या पुढं,
पीयूसीची व्हॅन लिंबाखाली उभी असते.
आत दुपट्ट्यानं तोंड बांधलेली मुलगी.
नुसते डोळे. तेच म्हणाले, सर, तुम्ही?
तृप्ती ढोके. दोन हजार एकोणीसची बॅच.
व्हर्नियर धरताना जिचा हात कधी हलला नाही.

तिनं नळी घातली.
आकडा चढत गेला, थांबला: एक पूर्णांक चौऱ्याऐंशी.
हवा होता पॉइंट पाच.
व्हॅनचा मालक खुर्चीतूनच म्हणाला,
काहाले टेन्शन घेता जी,
नळी त्या ऑटोत टाकू, फोटो तुमच्या गाडीचा.
दोनशे वरून.
ऑटोवाल्यानं मान हलवली, सवयीची.

तृप्ती काही बोलली नाही.
माझ्याकडे बघितलंही नाही, स्क्रीनकडे बघत राहिली,
आणि मला तिच्या पाठमोऱ्या खांद्यात
माझाच एक तास ऐकू आला,
सकाळचा, साडेआठचा,
माप माणूस बघत नाही वगैरे.

राहू द्या, मी म्हणालो.
तेव्हा ती वळली.
सर, डब्बा थंडा आहे अजून. जरा पळवून आणा.
हे मला ठाऊक असायला हवं होतं.

म्हणून मग साफ निघण्यासाठी मी तिला पळवली.
तिसऱ्या गिअरात, पाच हजारांवर,
भर दुपारी, एसी बंद, काचा उघड्या,
कोराडीच्या चिमण्या समोर मोठ्या होत गेल्या.
त्यांच्यात नळी घालायला
किती उंच शिडी लागेल याचा हिशेब करत
मी पुलापासून परत वळलो.

पॉइंट बावन्न.
इंजिन बंद करू नका, ती म्हणाली.
आम्ही तिघं, मी, ती आणि ऑटोवाला,
लिंबाखाली उभे राहून आकड्याकडे बघत होतो,
दूध उतू जाण्याआधी बघतात तसे.
पॉइंट एकोणपन्नास.
पॉइंट सत्तेचाळीस.
तिनं लगेच बटण दाबलं.

कागद गरम होता.
देताना तिनं विचारलं, सर, परत काढणार का डब्बा?
मी सुट्टे पैसे मोजत राहिलो.
पाना डिकीतच होता.

मानकापूरच्या सिग्नलला स्प्लेंडरवरची दोन पोरं
शेजारी येऊन थांबली.
नऊ वर्षांत पहिल्यांदा
कोणीच वळून पाहिलं नाही.

माळ्यावरच्या धुळीत आता
डब्याच्या आकाराची एक स्वच्छ जागा आहे.
निशा म्हणते, कूलरच्या जुन्या ताट्या ठेवू तिथं.
मी म्हटलं, थांब.
सहा महिने तरी थांब.