डावीकडे

पाटकर एजंट म्हणाला, खारघरची हवा चांगली.
हवेचंच भाडं माझ्या पगाराच्या वर.
कामोठ्यात खोली होती, खिडकी होती,
समोर दुसऱ्याची खिडकी
आणि तिच्यात दात घासणारा माणूस,
जो मला बघून थांबलासुद्धा नाही.

घणसोली गावठाणात मालकीणबाईंनी
आडनाव विचारलं. मग गाव. मग परत आडनाव.
मग म्हणाल्या, पाणी कमीच असतं इथं.

चौथ्या दिवशी कोपरखैरणे, सेक्टर एकोणीस.
सिडकोची बैठी घरं
स्वतःच्याच खांद्यावर चढून तीन मजली झालेली.
जिना असा उभा की गादी दोरीनं वर घ्यावी लागेल.
पाटकर किल्ली आणायला गेला,
मी इस्त्रीच्या टेबलापाशी.

तेवढ्यात एक आजोबा, हातात पेढ्यांचा खोका :
"पोरी, नगरपालिकेची शाळा कुठं गं?"
उदगीर सोडून मला नऊ दिवस झाले होते.
म्हणाले, "सरळ जा, मग डावीकडे."
गेले बिचारे. मागं वळूनही न बघता.

इस्त्रीवाला मान वर न करता म्हणाला,
"उजवीकडे आहे ती."

डिपॉझिट त्याच संध्याकाळी भरलं.
अजूनही त्या कोपऱ्यावर आले की
आधी डावीकडे बघते.