उशिरा तुटणारा

खडेबाजारात जिना चढून, मान वाकवून
इराण्णाचं दुकान.
"गिटारचा अ‍ॅम्प केलोय, व्हॉल्व्हचा. फ्यूज द्या."
"किती अँपियर?"
वही पुढं सरकवली.
तो कन्नडात मोजतो, मी मराठीत,
दशांशाचा ठिपका दोघांचा एकच.

"पाचचा घालू?"
"घाल की. फ्यूज वाचंल, ट्रान्सफॉर्मर जाईल."

मग म्हणाला, थंड व्हॉल्व्ह
पहिल्या घोटाला हपापतात;
झटक्यात तुटणारा नको,
थोडं सोसणारा घे, एकचा.
हायटेन्शनला वेगळा, अडीचशे मिलीचा.

मिंगेलचं मी सांगितलं नाही.
खानापुरात, फेस्ताच्या रात्री,
फ्यूजच्या जागी त्यानं तांब्याची तार पिळलेली,
चांगली जाड,
कधीच न तुटणारी.
डाव्या हाताची दोन बोटं
अजून कॉर्ड धरत नाहीत.

काचेची नळी ट्यूबलाइटपुढं धरून
इराण्णा एक डोळा मिटतो:
आत केसाएवढी तार, मधे बारीक थेंब.
तीन बांधून दिले, पैसे एकाचे.
"पहिला तुझा चुकणारच की."

पहिला उडाला.
दुसरा बसवताना
मिंगेल टॉर्च धरून होता,
उजव्या हातात.