चौथाई घेर

पवन्याच्या वखारीत टेप माझ्या हातात असते.
न्हावा-शेव्याहून ट्रेलर येतो, कंटेनरची दारं उघडतात,
आत घानाचा साग, एकमेकांवर रेललेला,
महिनाभर समुद्रावर कोंडलेला.
पहिला वास आंबट, रिकाम्या लोणच्याच्या बरणीसारखा.

मधला घेर घ्यायचा. चारनं भागायचा.
त्याचा वर्ग. गुणिले लांबी.
मोकलकाकांनी शिकवलं तेव्हाच बजावलं होतं :
ह्या हिशेबात दर ओंडक्याचा पाचवा हिस्सा
मोजलाच जात नाही.
गोल वस्तू चौकोनात बसवायची,
तर तेवढं सोडावं लागतं, पोरी.

सोडलेलं कुठं जातं, बघते मी.
साल वीटभट्टीवाला नेतो,
कडेची फळकुटं कोपरखैरण्याच्या बेकरीत,
भुसा पेणच्या कोंबड्यांच्या पायांखाली.
थोडा माझ्या भाकरीवर.

मोजलेल्याच्या चौकटी होतात, रिपा, दोन इंची फळ्या,
ऐरोलीच्या विसाव्या मजल्यावरचे उंबरे,
जिथं मी कधी चप्पल काढणार नाही.
लखीराम ट्रॉली ढकलतो, ओढतो, ढकलतो,
पातं दिवसभर एकच अक्षर घोकतं.

सोमवारी ते अडखळलं.
ठिणगी, किंकाळी, आणि वखार इतकी गप्प
की ठाणे-बेलापूर रस्ता आत आला.
सतरा दात गेले.
करसनशेठ धावले. आधी पात्याकडे पाहिलं,
मग लखीरामकडे.

लाकडाच्या पोटात लोखंडी आकडा.
झाडानं ओठ मिटून गिळलेला,
भोवती मुक्या मारासारखं काळंनिळं.
कुणी ठोकला असेल? कंदिलासाठी,
झोळीसाठी, बकरीच्या दोराला?
आकड्यापासून सालीपर्यंत वर्तुळं मोजली मी.
एकोणीस.
मग पुन्हा मोजली, उगाच.

तेवढा तुकडा वजा कर, शेठ म्हणाले.
वहीत लिहिलं : गाठ. पाव घनफूट. वजा.
गाठ नव्हती ती. पण वहीत
आकड्याला रकाना नाही.

तुकडा आता घणसोलीत, आमच्या दारामागे.
रंधा मारला नाही.
आकडा बोटाच्या पेराएवढा बाहेर,
त्यावर चाव्या, रेनकोट, कधी कोथिंबिरीची पिशवी.
ऑगस्टात भिंतीवर गंजाचा ओघळ येतो,
नवरा कुरकुरतो, चुना लावतो.

परवा धाकट्यानं विचारलं, केवढा आहे गं हा?
सवयीनं टेप काढली.
आडवा मोजला.
उभा मोजताना
टेप आकड्यात अडकली.